एका मांडवावर दोन वेली

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टोमॅटोच्या एका रोपाला चिमटे काढत होत्या.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. महाडच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आमच्या प्रयोगशाळेला लागून होती आणि मधलं दार कधी बंद होत नसे. त्या दारातून मी सहज डोकावले, तर एक उंच, सडपातळ बाई सुती साडीचा पदर कमरेला खोचून कुंडीसमोर उभ्या होत्या. हातात लोखंडी चिमटा. रोपाचं खालचं पान त्यात धरायचं, चुरगळायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. आणि तोंडानं म्हणत होत्या, "लागतंय? लागू दे. सांग वरच्यांना."

मी मागच्या मागे सटकणार होते. तेवढ्यात त्या वळूनही न बघता म्हणाल्या, "केमिस्ट्रीच्या नवीन ना तुम्ही? या आत. वरच्या पानात आता काय शिजतंय, ते खरं तर तुम्ही मला सांगायला हवं."

मला ते माहीत नव्हतं. बाईंनी मग मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. खालच्या पानाला जखम झाली की तिथे एक निरोप तयार होतो. निरोप म्हणजे खरोखरीचा रेणू, मोजता येईल, बाटलीत भरता येईल असा. तो देठातून, खोडातून वर जातो. वरच्या पानांना अजून काहीही झालेलं नसतं, पण निरोप पोचला की ती एक प्रथिन बनवायला लागतात. अळी ते पान खाते, पोटभर खाते, पण त्या प्रथिनामुळे तिला खाल्लेलं पचत नाही.

"भरल्या पोटी उपाशी मरते," बाई म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

त्या दिवसापर्यंत रोप म्हणजे मला कुंडीतली एक शांत गोष्ट वाटायची. घरी गेल्यावर मी तुळशीकडे जरा बिचकूनच बघितलं.

'मॅडम' म्हटलेलं बाईंना ऐकू येत नसे. प्राचार्यांनी म्हटलं तरी येत नसे. 'बाई' म्हटलं की लगेच मान वर. मूळच्या त्या पोलादपूरकडच्या डोंगरातल्या. शिकायला पुण्याला गेल्या, लग्न केलं नाही, नोकरीला महाडात आल्या आणि आमच्याच आळीच्या टोकाला, सावित्रीकडे उतरणाऱ्या वाटेवर, कौलारू घर आणि भोवतीची वाडी घेऊन राहिल्या. बोलणं पुस्तकी होतं, पण उत्साह चढला की मधूनच 'गो' आणि 'नाय' बाहेर पडायचं. ओळख जुनी झाल्यावर मी त्यांच्यासाठी 'तुम्ही'ची 'तू' झाले, आणि वर्गात काही नवीन मिळालं की मधल्या दारातून हाक यायची, "अगो, धावत ये!"

झाडाला पळता येत नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. "तुझ्या अंगावर कुत्रा आला तर तू पळशील. झाड कुठे जाईल? ते जागेवर उभं राहून विष शिजवतं." संध्याकाळी एमआयडीसीकडून वास यायला लागला की आम्ही बाकीचे नाकाला रुमाल लावायचो. बाई म्हणायच्या, "तिथे एवढे कारखाने लागतात. माझ्या कुंपणावर चिमणीशिवाय होतं सगळं."

त्यांच्या वाडीत एकही पान धड नसे. भोकं, जाळ्या, डाग. फवारणी म्हणजे झाडाचा अपमान, असं त्यांचं मत. एकदा बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानदारानं मला थांबवून हळूच विचारलं, "तुमच्या त्या बाईंच्या हृदयाला काही झालंय का हो? अ‍ॅस्पिरिनच्या पट्ट्याच्या पट्ट्या नेतात." मी घाबरून थेट त्यांच्या घरी गेले. बाई बादलीत गोळ्या विरघळवत होत्या.

"माझ्यासाठी नाहीत. टोमॅटोंसाठी."

"टोमॅटोंना अ‍ॅस्पिरिन?"

"रोग शिरला की झाड स्वतःच्या अंगात जे बनवतं ना, त्याचीच ही धाकटी बहीण. मी आधीच दिलं की झाडाला वाटतं, आला रोग, आणि ते सगळीकडे पहारे बसवतं. फसवते मी त्यांना." मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "पण फार फसवलं तर खुरटतात. लढाईत सगळं खर्च झालं की वाढायला काही उरत नाही."

दुकानदारानं आपल्या पद्धतीनं ती बातमी गावभर केली. त्यानंतर रस्त्यात माणसं बाईंना विचारायची, "काय बाई, टोमॅटोचा ताप उतरला?" आणि बाई त्यांना खरोखरच टोमॅटोची प्रकृती सांगत बसायच्या.

विद्यार्थ्यांना घेऊन त्या भाताच्या खाचरांतून हिंडायच्या. एका वर्षी मीही गेले होते. पोलादपूरच्या पुढे एका वाडीत करपा रोगानं भात धरलं होतं. पानांवर डोळ्याच्या आकाराचे मोठे राखाडी चट्टे. शेजारच्या खाचरात जुनं गावठी वाण होतं. त्याच्या पानांवर फक्त टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके. बाई गुडघाभर चिखलात उतरल्या, ते ठिपक्यांचं पान तोडून डोक्यावर धरलं आणि ओरडल्या, "हे बघा, हे जिंकलंय!"

शेतमालक बांधावर उभा होता. तो म्हणाला, "आवो बाई, पान मेला, नि तुमी म्हनताव जिकला?"

"मेलं नाय, दादा. त्यानं मारलंन."

"कोनाला?"

"स्वतःलाच. बुरशी शिरली ना, तिला सुरुवातीला जिवंत पेशी लागते. या पानानं ती शिरली तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकल्या. आजूबाजूला सगळं मेलेलं. पुढं जायला वाटच नाय. तो ठिपका म्हणजे बुरशीचं थडगं."

बांधावरचा माणूस बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. एका मुलीनं घाबऱ्या आवाजात विचारलं, "बाई, पण त्या पेशींना कोण सांगतं मरायला?" बाईंनी तिच्याकडे अशा काही प्रेमानं पाहिलं, की मला वाटलं आता तिला मिठीच मारणार. "त्यांच्याच आत लिहिलेलं असतं गो," त्या म्हणाल्या.

असं सगळं होतं. पण बाईंची खरी ओळख म्हणजे त्यांची जीभ. काहीही दिसलं की तोडून जिभेला लावायचं, डोळे मिटायचे, थुंकायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला त्या सांगायच्या, की आपण काकडी, दुधी, पडवळ निश्चिंत खातो, कारण आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचंच बी राखलं. या वेलींचं मूळ शस्त्र म्हणजे जहाल कडूपणा. किड्यांसाठी बनवलेला. आपण त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. पण कुठल्या तरी वेलीला ते कधी आठवेल सांगता येत नाही. म्हणून दुधी चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावायचा. कडू लागला तर थुंकायचं आणि अख्खा दुधी पुरून टाकायचा. कारलं वेगळं, दुधी वेगळा.

आमच्या आळीत पुढे पुढे बाईंकडचा दुधी यायचा तो कापलेला. एका टोकाची चकती नाहीशी, आणि तिथल्या पांढऱ्या गरावर त्यांच्या दातांची खूण. कुणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "उष्टा आहे. घ्यायचा तर घ्या." माझे अप्पा इतके सोवळे, की दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी कधी प्यायले नाहीत. ते तो दुधी मुकाट्यानं घ्यायचे, ती दातांची बाजूही न कापता भाजीत टाकायला लावायचे. हे असं का सुरू झालं, ते आता सांगते.

अप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच. दोन हजार सालानंतर टीव्हीवर सकाळी प्राणायाम सुरू झाला आणि अर्धं गाव पहाटे श्वास सोडायला लागलं. अप्पाही तळ्याकाठी फिरून यायचे, श्वास सोडायचे आणि मग दुधीचा रस प्यायचे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सांधे, सगळ्यांवर तो एकच उपाय होता. दुधी बाईंच्या वाडीतून यायचा. बाई त्यांना 'कंट्रोलरसाहेब' म्हणायच्या. दुधी हातात देताना दर वेळी बजावायच्या, "आधी टोक चाखायचं हं, कंट्रोलरसाहेब." आणि अप्पांचा पारा दर वेळी चढायचा. एकदा ते फाडकन म्हणाले, "बाई, मी जन्मभर दुधी खातोय. मला दुधी खायला शिकवू नका."

बाईंना ते लागलं असावं. पुढच्या वेळी त्यांनी दुधी आमच्या ओटीच्या कठड्यावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघायच्या तयारीत असताना मला न्हाणीघरातून अप्पांच्या ओकारीचा आवाज आला. मला वाटलं, पित्त. दार ढकललं तर ते भिंतीला धरून उभे होते, अंग घामानं निथळत होतं आणि मोरीत रक्त होतं. थोडंथोडकं नाही. मी त्यांना धरलं तर त्यांचा हात ओल्या फडक्यासारखा थंडगार.

शेजारच्या खाला धावत आल्या. त्यांचा मुलगा कुवेतला होता, आमच्या दोन घरांमध्ये फक्त कुंपण. त्यांनीच रिक्षा थांबवली. आम्ही अप्पांना रिक्षात बसवत होतो तेवढ्यात बाई आल्या.

"काय खाल्लं यांनी?"

"काही नाही हो! नुसता रस."

बाई जागच्या जागी थांबल्या. मग आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचं एक बोट रसानं ओलं होतं, आणि चेहरा, तो चेहरा मी कधीच विसरणार नाही. जणू त्यांच्या तोंडावर कुणी दार आपटलं होतं.

"तू पुढे हो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला सांग, दुधी. दुधी म्हण. मी आले."

आणि आमच्याबरोबर यायच्या ऐवजी त्या खालांच्या घरात पळाल्या. पुढचं मला खालांनी नंतर सांगितलं. बाई चपलांसकट स्वयंपाकघरात घुसल्या, चुलीवर चण्याची डाळ घालून बाईंनीच दिलेला दुधी शिजत होता त्या पातेल्यात बोट घातलं, ते भाजलं, आणि दुसऱ्या क्षणी अख्खं पातेलं त्यांनी मोरीत उपडं केलं. "मी वरडलू, काय झाला गो बाई, याड लागला काय तुला? तर म्हनते कशी, पोरांनी खाल्ला का? कोनी खाल्ला का? माझ्या खांद्याला धरून हलवतंय. मी नाय म्हटला तवा खाली बसली."

दवाखान्यात डॉक्टरांनी अप्पांचा रक्तदाब बघितला आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. वरचा आकडा कसाबसा लागत होता. "अल्सर फुटलेला दिसतोय. इथे ठेवून उपयोग नाही, मुंबईला हलवा." मी म्हटलं, "दुधीचा रस प्यायलेत." डॉक्टर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दुधी तर आम्ही पेशंटला खायला सांगतो."

त्याच वेळी बाई आत आल्या. पदरात उरलेला अर्धा दुधी. त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावरच्या कागदांवर तो ठेवला, नखानं गराचा कण काढला आणि म्हणाल्या, "जिभेला लावा. गिळू नका."

"मॅडम, बाहेर थांबा."

आयुष्यात पहिल्यांदा बाईंना 'मॅडम' ऐकू आलं. "डॉक्टर, हा माझ्या वेलीचा आहे. मी दिलाय. कुंपणावर मी रानटी कडू भोपळा लावलाय, शिकवण्यासाठी. त्याचा पराग गेल्या वर्षी माझ्या दुधीच्या फुलावर गेला असणार. त्या बियांतली ही एक वेल. याला उतारा नाही. पण पोटात अल्सर फुटलेला नाही, हे विष आहे, आणि अंगातलं पाणी चाललंय. रस्त्यात हे तुमच्या हातून जातील. जिभेला लावा!"

डॉक्टरांनी लावला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, ते धावत बेसिनकडे गेले, खळाखळा चुळा भरल्या, आणि तोंड पुसायच्या आधीच सिस्टरला ओरडले, "दोन्ही हातांना सलाईन लावा!" मग त्यांनी मुंबईच्या आपल्या जुन्या गुरूंना फोन लावला. तिकडून काय सांगितलं ते कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर ते बाईंच्या समोरच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी आजवर असं पाहिलं नव्हतं."

अप्पा वाचले. पण ते कळायला वेळ लागला. दरम्यान पोलादपूरहून आत्या आली आणि सगळं ऐकल्यावर बाकावर बसलेल्या बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"विष घातलान माझ्या भावाला! हीच ती!"

सगळा व्हरांडा बघायला लागला. मला वाटलं, बाई समजावून सांगतील. पण त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हो."

"पोलिसात देतंय तुला!"

"चला," बाई म्हणाल्या.

आणि त्या दोघी खरोखरच एका रिक्षात बसून पोलीस ठाण्यात गेल्या. मला हसावं की रडावं कळेना. तिथे हवालदारानं आत्याची तक्रार ऐकली, मग बाईंची ऐकली, आणि बाईंची जास्त कडक निघाली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "आजी, बाई, दुधीला मी कोणतं कलम लावू?" रात्री जेवताना आत्या एवढंच म्हणाली, "वाटभर ती सांगत व्हती, आपलं कसं चुकला ते. मांडवावर दोन वेली एकमेकींत गुंतलेल्या. चाखलान तो एकीचा, दिलान तो दुसरीचा. आता अशा बाईला काय बोलायचा?"

मला मात्र बोलायचं होतं. त्या दिवसांत मी बाईंशी एक शब्दही बोलले नाही. ज्यांनी मला वर्षानुवर्षं पानापानातलं विष समजावून सांगितलं, त्यांच्याच हातून ते माझ्या घरात आलं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. अप्पांच्या उशाशी बसलं की सारखी ती मोरी डोळ्यांसमोर यायची. बाई रोज दवाखान्यात यायच्या, दाराबाहेर बसायच्या आणि काही न विचारता जायच्या.

अप्पांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अप्पा खुर्चीत बसले होते. चेहरा एवढासा झालेला.

"आत या," अप्पा म्हणाले.

त्या आल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाल्या, "एकच विचारायचंय. कडू कधी लागलं? पहिल्या घोटाला, की नंतर?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "बाई, कालच आणलंय त्यांना घरी! तुम्हाला अजून प्रयोगच..."

अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. "पहिल्याच. खरं तर त्याच्याही आधी. मिक्सरमधून ओतताना बोटाला लागला तो चाखला. जीभ आखडली."

"मग?"

"मग प्यायलो."

"सगळा?"

"सगळा."

"का?" बाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की खाला कुंपणाशी आल्या. "अहो, का? जन्मभर दुधी खाल्लात म्हणता ना? जीभ थुंक म्हणून सांगत होती तुम्हाला! का प्यायलात?"

अप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांवर सलाईनच्या सुयांचे काळेनिळे डाग होते.

"मंडईतला असता तर भाजीवाल्याच्या अंगावर फेकून आलो असतो," ते म्हणाले. "तुमचा होता, बाई. म्हटलं, या बाईला झाडांचं सगळं कळतं. तिनं दिलाय आणि कडू आहे, म्हणजे तो कडूपणा आपल्या भल्याचाच असणार."

बाईंनी चौकट धरली, सरकत सरकत खाली आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. त्यांच्या खांद्यांकडे बघून कळत होतं की त्या रडतायत. आवाज मात्र येत नव्हता.

"पाणी आण गं," अप्पा म्हणाले.

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. तोवर अप्पा खुर्चीतून उठले होते, भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले होते आणि धापा टाकत उंबऱ्यावर बाईंच्या शेजारी बसले होते. दोघंही समोर रस्त्याकडे बघत होते. तांब्या आधी कुणापुढे धरायचा, ते मला कळेना.